निळ्या चिठ्ठीची दुर्बीण

१

ओरेनच्या दुकानात दुर्बिणी काउंटरच्या काचेखाली होत्या आणि काउंटरवर जिवंत गांडुळांचे डबे रचलेले होते. मारिटला आधी डबे सरकवावे लागले.

"कोणाला पाहिजे?" ओरेनने विचारलं. साठी उलटलेला माणूस, दाढीत कायम पावाचा एखादा कण. "नेल्सला की तुला?"

"मला. तो मचाणावर बसणार, मी स्वयंपाकघरातून बघणार."

"अरे वा. लग्नाला चार महिने झाले नाहीत तोच पाळत सुरू!"

मारिट हसली. ती दिवसभर दाताच्या दवाखान्यात फोन घेते. लोक काय बोलतात त्यापेक्षा बोलताना त्यांची तोंडं कशी दिसतात, याकडे तिचं जास्त लक्ष असतं. ओरेनचं तोंड थट्टा करत होतं. डोळे थट्टा करत नव्हते. गेल्या साली नेल्सला मचाणावरून उतरवायला गेलेल्या माणसांत ओरेनही होता.

"दहाची दाखवा. दहा पट. नेल्स म्हणाला, जास्त तेवढी चांगली."

"नेल्सला काय डोंबल कळतंय. दहाची लागते बंदुकवाल्यांना, पलीकडच्या टेकडीवरचं बघायला. धनुष्यवाल्यांचं हरीण वीस-तीस पावलांवर असतं. आठची घे. दहाची हातात धरलीस की हरीण बाजूला राहतं, तुझ्याच काळजाचे ठोके दिसत बसतात." त्याने तीन दुर्बिणी काढून फडक्यावर मांडल्या. "भिंग बेचाळीसचं. त्याहून लहान घेतलंस तर संध्याकाळी बाद. फिरवताना चाक वाजता कामा नये. आणि आत धुकं धरता कामा नये, ते तर झालंच."

"तिन्ही आठ-बेचाळीस आहेत. मग किमतीत एवढा फरक कसला?"

"शेवटच्या दहा मिनिटांचा." ओरेनने बाहेर पार्किंगकडे हात केला. "आत्ता बघशील तर तिन्ही सारख्या. तो दिव्याचा खांब, ती तार, तारेवरचा कावळा. पण सूर्य बुडाल्यावर शेवटची दहा मिनिटं असतात ना, स्वस्तातली तिथे आंधळी होते. हरीण नेमकं तेव्हाच बाहेर येतं."

मारिटने तिन्ही लावून पाहिल्या. तिन्हींतून कावळा सारखाच दिसला.

"दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दुर्बीण पसंत करायची म्हणजे लग्नाच्या फोटोवरून नवरा पसंत करायचा," ओरेन म्हणाला. "तिन्ही घरी ने. आठवडाभर संध्याकाळी बघ. शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दोन परत आण." त्याने पट्ट्यांना चिठ्ठ्या बांधल्या. सर्वांत स्वस्त तिला लाल, मधलीला निळी, महागडीला पांढरी. "आणि हात हलायला लागला तर दुर्बीण खिडकीच्या चौकटीला टेकव, श्वास रोखून धर. ही युक्ती फुकट."

२

दुर्बिणीची गरज पडली ती एका करारामुळे.

गेल्या ऑक्टोबरात, लग्नाआधी, मचाणाच्या बैठकीचा पट्टा तुटला आणि नेल्स चार तास कमरेला आणि खांद्यांना बांधलेल्या पट्ट्यांना लोंबकळत राहिला होता. फोन खाली पडलेला. घरात कोणी नाही. त्याची आई एल्मा त्या आठवड्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होती. शेवटी रस्त्याने जाणाऱ्या कोणाला तरी ओरडणं ऐकू आलं. अंगातला काळ्या-तांबड्या चौकड्यांचा लोकरी कोट कातरून त्याला सोडवावं लागलं, कारण पट्टा खांद्यात रुतला होता.

यंदा तो पुन्हा त्याच मचाणावर बसणार होता. बापाचं, आर्व्हिडचं मचाण, दुसरं कुठलं नको. मारिटने आठवडाभर अबोला धरून पाहिला. मग करार झाला.

"दर अर्ध्या तासाने मी हात वर करीन," नेल्स म्हणाला. "तू खिडकीचा पडदा पूर्ण वर न्यायचास आणि परत अर्ध्यावर आणायचास. म्हणजे मला कळलं की तू बघितलंस."

"आणि मी उचलला नाही तर?"

"एकदा राहिला तर म्हणेन, बाथरूममध्ये असशील, आणि पाच मिनिटांनी पुन्हा हात करीन. दोनदा राहिला तर घरात काहीतरी झालंय असं समजून उतरेन आणि सरळ घरी येईन. बाबा आणि मा तीस वर्षं हेच करत होते. विचार तिला."

एल्मा टेबलाशी बटाटे सोलत होती. संध्याकाळी ती नेहमी खिडकीकडे पाठ करून बसायची. "करत होतो," ती एवढंच म्हणाली आणि बटाटा पाण्यात टाकला.

३

पहिल्या संध्याकाळी मारिटने लाल चिठ्ठीची घेतली.

सिंकसमोरची खिडकी. पुढे कापलेल्या गवताचं शेत, तीनशे पावलं. शेताच्या कडेला बर्चचं एक मेलेलं झाड, खडूसारखं पांढरं. त्याच्याशेजारी सुईसारख्या पानांचं काळपट हेमलॉक. दोन्हींच्या मधल्या मेपलला टेकवलेलं मचाण. उघड्या डोळ्यांना ती नुसती एक आडवी रेघ दिसायची.

तिने चाक फिरवलं. रेघेची बैठक झाली, खाली शिडी आली. बैठकीवर नेल्स बसला होता.

आजच चढला का हा? मारिटला हसू आलं. हंगामाला अजून आठवडा होता. दुर्बिणीत कडांना जांभळट झाक होती, मध्ये तेवढा तो ठिपका स्वच्छ. त्याने हात वर केला. तिने पडद्याची दोरी ओढली, पडदा वर नेला, परत अर्ध्यावर आणला. त्याने हात खाली घेतला. किती सोपं, तिला वाटलं. उगाच आठवडाभर तोंड फुगवून बसले.

तेवढ्यात गॅरेजमागून धप् असा आवाज आला.

हा आवाज ती चार महिन्यांत ओळखायला लागली होती. फोमच्या ठोकळ्यात बाण घुसतो तो. मग थोडा वेळ शांतता, मग पुन्हा धप्. मग नेल्सचं शिट्टी वाजवणं, नेहमीसारखं बेसूर.

तिने दुर्बीण पुन्हा लावली. बाहेर एव्हाना करडं झालं होतं आणि लाल चिठ्ठीची आंधळी झाली होती.

स्वस्त भिंग, तिने स्वतःला सांगितलं. एखादी फांदी. कुणी विसरलेलं पोतं. पोतं हात कसं करेल, हा प्रश्न तिने भांडी घासताना बाजूला ठेवला, आणि भांडी त्या दिवशी दोनदा घासली गेली.

४

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला होता. दुपारी तो थांबला आणि नेल्स नवा पट्टा बांधायला मचाणाकडे निघाला. मारिट मागून गेली.

"बूट ओले होतील, राणीसाहेब."

"होऊ देत. मला बघायचंय तुझं सिंहासन."

शिडी ओली, फांद्या ठिबकत होत्या. नेल्स वर चढला आणि त्याने बैठकीच्या फळीवर हात फिरवला. "मजा बघ. सगळं भिजलंय, फळी मधोमध कोरडी."

"कोरडी?"

"एखादं रॅकून बसलं असेल. लठ्ठ दिसतंय बेटं." त्याने खाली पाहिलं. "चेहरा का पडला तुझा? रॅकूनला भाडं मागू का?"

"नेल्स, तू हात करशील तो कुठला?"

"डावा. अर्थातच."

"अर्थातच का?"

"हे बघ." त्याने उजवं मनगट दाखवलं. तिथे चामड्याचा पट्टा आणि पट्ट्याला दोरी ओढायचा धातूचा चाप. "उजवा उचलला की हे लोंबतं, वाजतं. हरीण तिथून पसार. धनुष्यवाला कोणीही असो, हात डावाच करणार." त्याने डावा हात उंचावला. मागे बर्चचं पांढरं खोड होतं. त्यावर हाताची पाचही बोटं स्पष्ट उठली.

मारिट घराच्या बाजूने त्याच्याकडे पाहत होती. दुसऱ्या बाजूला, हेमलॉकच्या काळोखात, काहीच उठून दिसलं नसतं. उघडा तळवा असता तर तेवढाच, पुसट.

काल तिने पुसट तळवा पाहिला होता.

"पडलास तेव्हा वारा होता का रे?" तिने विचारलं.

"नाही, फारसा नव्हता." तो पट्टा आवळत होता. "शिडी मात्र हलत होती. मी वर लटकलेला आणि शिडी आपली थडथड, थडथड, कुणी उतरत असल्यासारखी. डोक्यात रक्त उतरलं की काहीही वाटतं."

५

निळ्या चिठ्ठीची दुर्बीण हातात चांगली बसत होती. रबराची पकड, चाक मऊ आणि मुकं. घेण्यासारखी हीच, मारिटने दुपारीच ठरवलं होतं. संध्याकाळ व्हायच्या आधीच नेल्सला तिने वाफेच्या न्हाणीची, सौनाची, चूल पेटवायला मागे पाठवलं. चिमणीतून धूर निघालेला पाहिला, लाकडं टाकल्याचा आवाज ऐकला, आणि मगच खिडकीशी आली.

बैठकीवर कोणी तरी होतं.

तिने दुर्बीण काढली, पुसली, पुन्हा लावली. डावा डोळा मिटला, उजवा मिटला. दोन्ही नळ्यांतून तेच. हात वर गेला. हेमलॉकच्या बाजूचा.

कोणी शेजारी असेल. रिकामं मचाण पाहून चढून बसतात लोक. चोरटे असतात, आगाऊ असतात. असल्यांना कशाला उत्तर द्यायचं? तिने दोरीला हात लावला नाही.

हात खाली गेला. बराच वेळ काही नाही. घड्याळाचा काटा, मागे एल्माच्या सुरीचा बटाट्यावरचा आवाज. मग तो हात पुन्हा वर गेला, आणि या वेळी वरच राहिला. वाट पाहणाऱ्या माणसाचा असावा तसा.

मारिट तशीच उभी राहिली.

हात खाली गेला. आकृती बैठकीवर वळली, एक पाय शिडीवर आला. दुसरा आला. न घाबरता, न घाई करता, पायरीमागून पायरी. रोज घरी येणारा माणूस उतरतो तशी.

दोनदा राहिला तर उतरेन आणि सरळ घरी येईन.

मारिटने दोरी इतक्या जोरात ओढली की पडदा वर जाऊन फटकन गुंडाळला गेला. तिने तो ओढून अर्ध्यावर आणला. दुर्बीण डोळ्यांना लावली तर सगळं शेत हलत होतं. तिने दुर्बीण चौकटीला टेकवली, श्वास धरला.

आकृती शिडीच्या मध्यावर थांबली होती. थोडा वेळ तशीच. मग पायरीमागून पायरी ती परत वर चढली आणि जागेवर जाऊन बसली.

"पडदा फाडशील," मागून एल्मा म्हणाली. तिची पाठ खिडकीकडेच होती.

६

त्यानंतर रोज संध्याकाळी मारिट दर अर्ध्या तासाने पडदा उचलू लागली. दुर्बीण न लावता. नेल्सला वाटलं, बायको सराव करते आहे. तो गावभर सांगत सुटला. "माझी माणसं बघा, हंगामाआधीच ड्युटीवर!"

मग पांढऱ्या चिठ्ठीने कोटाचा नवा प्रश्न उभा केला.

तिने एकदाच लावली ती. महागड्या काचेत संध्याकाळसुद्धा दुपारसारखी उजळ दिसली. हेमलॉकची एकेक सुई दिसली. आणि काळ्या-तांबड्या चौकड्या दिसल्या. एक बाही खांद्यापासून कातरलेली, हात वर गेला की खाली लोंबणारी. कॉलरच्या वर बघायच्या आधीच तिने दुर्बीण उलटी करून ओट्यावर ठेवली.

"एल्मा, तो कोट कुठे आहे? गेल्या वर्षीचा, कातरलेला?"

"चिंध्यांच्या पिशवीत. का गं?"

पिशवी पडवीत खुंटीला होती. कोट तिथेच होता, तळाशी, कोरडा, कसरीच्या वासाचा. मारिटने तो बाहेर काढला, हातात धरला, परत कोंबला. याने जिवाला बरं वाटायला हवं होतं.

ती परत येऊन एल्माच्या समोर बसली. "तुमच्या वेळी दुर्बीण होती?"

"होती ना. आर्व्हिडने कुठल्या तरी लिलावातून आणलेली. आत बुरशी. दुधातून बघितल्यासारखं दिसायचं." एल्माने वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "हात केला की नाही केला काही कळायचं नाही. मग मी काय करायचे, अर्धा तास झाला की उचलायचे पडदा. हंगाम असो नसो. आर्व्हिड घरात समोर बसलेला असला तरी."

"तो समोर बसलेला असताना कशाला?"

"सवय. एक दोरी तर ओढायची असते, पोरी. त्याला काय कष्ट पडतात?"

"तीस वर्षं?"

"तू दोरी हातात घेईपर्यंत एकही दिवस चुकवला नाही." पाव कॉफीत तुटून पडला, ती चमच्याने शोधू लागली. "गेल्या साली ऑपरेशनला गेले, तेवढाच आठवडा."

एल्माने मान वर केली नाही.

"ती वाईट दुर्बीण फार चांगली होती," एल्मा म्हणाली. "तू उगाच चांगली आणायला निघालीस."

७

नेल्सला सांगायचं तर काय सांगायचं? सकाळी उजेडात तिने तोंड उघडलंही होतं. "नेल्स, यंदा नको ना बसूस तिथे."

"परत तेच?"

"त्या मचाणावर मला कोणीतरी दिसतं."

नेल्सने खांद्यावरचं धनुष्य खाली ठेवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं, प्रेमाने, आणि त्यातच सगळं वाया गेलं. "तुला मी दिसतो, मारिट. लटकलेला. मलाही दिसतो कधी कधी. म्हणूनच बसायचंय मला. एकदा बसलो आणि नीट उतरून घरी आलो की संपलं. तुझं पण, माझं पण."

हे इतकं शहाणपणाचं होतं की तिलाही क्षणभर पटलं.

हंगामाच्या आदल्या दिवशी ती ओरेनकडे गेली. लाल आणि पांढरी चिठ्ठी तिने काउंटरवर ठेवली.

"पांढरी नको? डोळ्यांत भरली असेल की."

"नको एवढी स्पष्ट." मग तिला वाटलं, फार बोलले. "परवडतही नाही. प्रोपेनची टाकी भरायचीय थंडीआधी."

"निळी चांगली आहे. प्रामाणिक आहे," ओरेन म्हणाला. "फक्त शेवटची पाच मिनिटं तुझी नाहीत, एवढं लक्षात ठेव. तेव्हा जे दिसेल त्यावर बाण सोडायचा नाही."

"मी कुठे बाण सोडणार आहे?"

"तसं नव्हे गं. ओळख पटल्याशिवाय काही करायचं नाही, एवढंच."

८

पहिली ऑक्टोबर. नेल्स चार वाजता गेला. जाताना त्याने पायरीवर दोन्ही बूट एकदा आपटले. येता-जाता आपटायचे, ही त्याची लहानपणापासूनची सवय. मातीसाठी कमी आणि शकुनासाठी जास्त. मारिटने त्याचे कमरेचे पट्टे स्वतः ओढून पाहिले.

"अजून आवळ, मग जेवायला जागाच उरणार नाही," तो म्हणाला. "काय केलंयस?"

"पॅस्टी."

"सलगम घातलंस?"

"घातलंय. जा आता."

सहा वाजता बर्चच्या पांढऱ्या खोडावर हात उठला. पाच बोटं. तिने पडदा उचलला, उतरवला. बैठकीवर एकच माणूस होता. एकच! तिला रडू येईलसं वाटलं.

साडेसहाला हात, पडदा. सातला हात, पडदा. ओव्हनमधून पॅस्टीचा, मांस भरलेल्या मोठ्या करंज्यांचा, वास यायला लागला. शेतात तीन हरणं उतरली, मचाणापासून दूर, आणि मान वर करून मचाणाकडेच पाहत राहिली. मग एकदम उधळली. नेल्स तर हलला नव्हता.

सव्वासातच्या पुढे उजेड झपाट्याने ओसरू लागला. नियमाने नेल्स पावणेआठपर्यंत बसू शकत होता. तेवढा शेवटचा अर्धा तास मारिटला सहन होईना. आणि तेव्हा तिला सुचलं. इतकं सोपं होतं की तिला आधी का सुचलं नाही याचंच नवल वाटलं. पडदा उचलायचाच नाही. दोनदा नाही उचलला की नेल्स आपणहून उतरेल आणि घरी येईल. वैतागेल, पॅस्टी खाईल, विसरेल.

साडेसातला निळ्या दुर्बिणीत करड्यावर करडं काही हललं. हात होता. कुठल्या बाजूचा, ते ती पाहत बसली नाही. तिने दोरी सोडून दोन्ही हात छातीशी बांधले.

"वाजले ना साडेसात?" एल्माने मागून विचारलं.

"वाजले."

"पडदा वाजला नाही."

"त्याला घरी बोलावतेय."

सुरीचा आवाज थांबला. "कोणाला?" एल्मा म्हणाली.

मारिटने दुर्बीण लावली. पुन्हा काहीतरी वर गेलं, थांबलं, खाली आलं. मग शिडीवर एक आकृती पायरीमागून पायरी उतरली. शेत ओलांडू लागली. काळोखात नुसता एक गडद डाग, सरळ घराकडे येणारा, एकाच चालीने. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. तिने ओव्हन बंद केला, तीन बश्या काढल्या.

पायरी वाजली. पडवीचं दार उघडलं, मिटलं.

बूट आपटल्याचा आवाज आला नाही.

९

"नेल्स?" तिने हाक मारली.

पडवीत कोणी तरी उभं होतं. धनुष्य खुंटीला अडकवल्याचा आवाज नाही. मनगटाचा चाप फ्रीजरवर टाकल्याचा खणखणाट नाही. कापडाचा आवाज तेवढा होता. लोंबणारं कापड भिंतीला घासतं तसा.

मारिट वळणार होती. पण त्याआधी तिची नजर खिडकीतून बाहेर गेली. बर्चचं खोड अजून, अगदी जेमतेम, आकाशापेक्षा पांढरं होतं. तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. काही दिसेना. शेवटची पाच मिनिटं तिची नव्हती. सगळं हलत होतं, करडं होतं. तिने ती लाकडी चौकटीला टेकवली, कोपरं ओट्यावर रोवली, श्वास धरला.

चित्र थांबलं.

पांढऱ्या खोडावर एक हात होता. डावा. पाच बोटं. तो खाली गेला, वर आला. खाली, वर. दोनदा नाही, तीनदा नाही. मोजणं सोडून दिलेल्या माणसासारखा. नेल्स अजून वर होता. तो हात करत होता, आणि खिडकीतून त्याला काही उत्तर मिळत नव्हतं.

तिचा हात दोरीकडे गेला. सवयीने गेला. गेला आणि अर्ध्यावर थांबला.

मागे खुर्ची सरकली. एल्माची. चार महिन्यांत मारिटने म्हातारीला संध्याकाळी कधी खिडकीकडे तोंड करून बसलेलं पाहिलं नव्हतं. आज एल्माने खुर्ची पूर्ण फिरवली आणि दाराकडे पाठ करून ती बसली. मांडीवर सुरी, नजर काळ्या काचेत.

"बघू नकोस मागे," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "काही झालं तरी बघू नकोस, पोरी."

पावलं पडवीतून स्वयंपाकघरात आली. घाई नव्हती. ओव्हनची ऊब होती तरी मारिटच्या मानेला ओल्या पानांचा गारवा लागला. खिडकीच्या काचेत, तिच्या स्वतःच्या खांद्यामागे, चौकड्यांचा एक तुकडा आला. कातरलेली बाही. त्यातून वर उठलेला एक तळवा, उत्तराची वाट पाहणारा.

"हात करतोय तो," मागून आवाज आला. आवाज नेल्सचाच होता, थोडा बसलेला, चार तास ओरडल्यावर बसतो तसा. "उचल पडदा. नाहीतर खाली येईल."

दोरी तिच्या बोटांना लागत होती. एकदा ओढली की बाहेरचा हात खाली जाईल, निश्चिंत होईल, बसून राहील.

मारिटने दोरी सोडली.

तिने दोन्ही हातांनी दुर्बीण चौकटीला घट्ट दाबून धरली. मागचा गारवा एक पाऊल जवळ आला. पांढऱ्या खोडावरचा हात शेवटचा वर गेला, खूप वेळ थांबला, आणि खाली आला. मग काळोखात, शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर, एक पाय उतरला.

"ये," ती काचेला म्हणाली. "बूट आपट आणि ये."